काट्यावरचा पैलवान

पैलवानाने आयुष्यात कधी कुस्ती खेळली नव्हती. लहानपणी तो इतका किडकिडीत होता की त्याची ताई त्याला काडीपैलवान म्हणायची. पुढे अंग भरत गेलं, काडी गळून पडली आणि नुसता पैलवान उरला. मोज्यांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तो मुख्य आचारी झाला तेव्हा हे नाव त्याच्याआधीच तिथे पोहोचलेलं होतं, कारण ताई त्याच कारखान्यात मोज्यांच्या बोटांकडची शिवण घालायला बसायची.

आचारी म्हटलं की पोट आलंच, असं लोक म्हणतात. पण पैलवानाचं पोट जिभेच्या चोचल्यांनी सुटलेलं नव्हतं, ते कर्तव्याने सुटलेलं होतं. चव घेतल्याशिवाय एकही पातेलं खिडकीपर्यंत जायचं नाही, हा त्याचा नियम. शितावरून भाताची परीक्षा करणारे लोक वेगळे. हा मुठीवरून करायचा. रश्शात डाव फिरवायचा, वाटीभर काढायचा, डोळे मिटून प्यायचा, मीठ टाकायचा आणि पुन्हा वाटीभर काढायचा. मग भाजी, मग तळणीतले पहिले बटाटे, मग शेवटचं गोड. एवढं करून दुपारी सगळे जेवायला बसले की हा बाकावर टेकून म्हणायचा, "माझ्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही." आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नसायचा, त्याला खरंच तसं वाटायचं.

ताई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा हा शाळेतही जायला लागला नव्हता. तिने आपली शाळा सोडून कारखाना धरला आणि ह्याला वाढवलं. आधी त्याचं ताट भरायचं आणि मग पातेल्यात काही उरलं असेल तर आपलं, असा तिचा हिशोब. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही, हे तिला विचारायची कोणाची छाती नव्हती. पैलवानाला ते न विचारता माहीत होतं, आणि म्हणून त्यानेही लग्न केलं नाही. दोन खोल्यांच्या घरात भाऊ-बहीण म्हातारपणाकडे सरकत होते आणि दोघांची काही तक्रार नव्हती. मग ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद, अर्धी फळं बंद, बटाटासुद्धा पाण्यात भिजवून त्याचा जीव काढल्याशिवाय खायचा नाही. त्यात तिच्या तोंडाची चवच गेली. "पितळेचा चमचा चघळतेय असं वाटतं रे," ती म्हणायची, आणि दोन घास खाऊन ताट सरकवायची.

तिला किडनी द्यायला आधी एक मावसभाऊ पुढे आला होता. "दोन आहेत माझ्याकडे, एक दिली तर काय बिघडलं," असं त्याने घरी येऊन, छातीवर हात ठेवून सांगितलं. ताईने त्या संध्याकाळी केस धुतले, शेजारणीला बोलावून गप्पा मारल्या. तपासणीच्या दिवशी मावसभावाचा फोन लागेना. मग तो कधीच लागला नाही. ताई भिंतीकडे तोंड करून पडली ती कितीतरी दिवस तशीच पडून होती. डायलिसिसलाही पैलवान तिला जवळजवळ उचलून न्यायचा.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. म्हणून पैलवानाने आपली तपासणी करून घेतली ती ताईला पत्ता लागू न देता. रक्तगट जुळला. पुढचंही सगळं जुळलं. अडलं ते एका काट्यावर.

"एकशे बारा किलोच्या माणसाला मी टेबलावर घेणार नाही," किडनीचे डॉक्टर म्हणाले. "नव्वदच्या आत या. आणि उपाशी राहून येऊ नका. उपासाने उतरवलेलं वजन परत चढून बसतं, आणि तेव्हा तुमच्याजवळ एकच किडनी असेल. सवयी बदला. सावकाश चालेल, पण फार सावकाश नको. तुमच्या बहिणीच्या हृदयावर ताण आहे. ते आज साथ देतंय, उद्याचं मी सांगू शकत नाही."

"तिला कधी सांगू?"

"सांगावं तर लागेलच. केव्हा, ते तुम्ही ठरवा."

पैलवानाने ठरवलं: काटा नव्वदच्या खाली आला की त्याच दिवशी सांगायचं. तोवर तोंडाला कुलूप. तिला पुन्हा आशेला लावून तोंडघशी पाडायचं नाही. विचार चांगला होता, हे कोणीही म्हणेल. चांगल्या विचारांनी जेवढी माणसं मातीत घातली आहेत तेवढी वाईट विचारांनी घातली नसतील.

डॉक्टरांनी त्याला आहार बघणाऱ्या बाईंकडे पाठवलं. ती मुलगीच होती, अंगावर मूठभर मांस नाही, पण बोलणं ठणठणीत. तिने विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?"

"काही नाही. घरी गेलो की जेवतो, तेवढंच."

मग कामाचं विचारलं तेव्हा पैलवान खुलला. चव कशी घ्यायची, रस्सा कुठे आणि भात कुठे, सगळं हातवारे करून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "अहो, ह्याला जेवणच म्हणतात. तुम्ही दुपारपर्यंत दोनदा जेवता आणि घरी जाऊन तिसऱ्यांदा."

पैलवानाला चोरी पकडल्यासारखं झालं. तिने सांगितलेल्या गोष्टी ऐकायला अगदी साध्या होत्या. सकाळी नीट बसून न्याहारी. उभ्याने तोंडात काही टाकायचं नाही. ताट लहान, त्यातलं अर्धं भाजीने भरलेलं. घास गिळायचा नाही, चावायचा. गोड चहा आणि बाटलीतली सरबतं बंद. जेवल्यावर चालायचं. वेळेवर झोपायचं.

"एवढंच?" त्याने विचारलं. त्याला वाटलं होतं काहीतरी कडू औषध असेल.

"एवढंच. पण रोज."

तो 'रोज' किती जड असतो ते त्याला लवकरच कळलं. कॅन्टीनमध्ये चव घ्यायचं काम त्याने भाज्या चिरणाऱ्या मावशींकडे दिलं. मावशींची जीभ तंबाखूने मेलेली. पहिल्याच आठवड्यात मशीनवाले वाट्या घेऊन खिडकीवर आले, "आज रस्सा समुद्रातून भरून आणला का?" पैलवानाला लाज वाटली. शेवटी तोडगा निघाला. डाव गेला, वाटी गेली आणि चहाचा चमचा आला. एका पातेल्याला एक चमचा, आणि मग चूळ. मावशी म्हणाल्या, "हत्तीला चमच्याने पाणी पाजतायत," आणि पदरात तोंड लपवून हसल्या.

दुपारच्या पाळीचं वाढून झालं की तो कारखान्याच्या भिंतीकडेने चालायला लागला. फाटकावरचा पहारेकरी रोज विचारायचा, "पैलवान, काय हरवलं?"

"वजन हरवायचंय. तुला सापडलं तर परत आणून देऊ नकोस."

आणि वजन खरंच हरवायला लागलं. पट्ट्याला नवी भोकं पडली. जिना चढताना मधल्या कट्ट्यावर थांबावं लागेना. सकाळी जाग आली की अंग हलकं वाटायचं, आणि त्या हलकेपणात पडल्या पडल्या तो मनातल्या मनात वाक्य जुळवायचा: ताई, एक सांगायचंय. रागावू नकोस.

ताईच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. जिने ज्याला कडेवर घेऊन फिरवलं तिला त्याचं वजन कळायला काटा लागत नाही. "काय रे, काही खातबीत नाहीस का? गळ्याचं हाड दिसायला लागलं."

"साखर काठावर आहे म्हणे. कमी करायला सांगितलंय." हे उत्तर त्याने आधीच घोकून ठेवलं होतं.

"काठावर तर काठावर. काठावरून कोणी बुडत नाही," ताई म्हणाली. पण तिच्या मनात वेगळंच बसलं. तिला वाटलं, हा माझ्या काळजीने झुरतोय. मी जाणार हे ह्याने धरून चाललंय आणि अन्नावरची वासना उडालीय. मी असताना ही गत, तर मी गेल्यावर ह्याच्या पुढ्यात ताट कोण ठेवणार? मग तिने ठरवलं, जमेल तेवढे दिवस ह्याच्या अंगात काहीतरी साठवून ठेवायचं. दुष्काळाआधी कणगी भरतात तसं.

डायलिसिस नसेल त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक तीच करायची, ते काम तिने कोणाला दिलं नव्हतं. पैलवान सांगायचा तसंच ती करायची: घेवडा नुसता उकडलेला, फ्लॉवरचं पातळ सार, डाळ, एखादं शिजवलेलं फळ. अशाच एका संध्याकाळी तिने सार वाढलं, समोर खुर्ची ओढून बसली आणि हनुवटीखाली हात घेतला.

पैलवानाने पहिला चमचा तोंडात घातला आणि त्याला कळलं. वीस वर्षं ज्याची जीभ पगारावर होती त्याला न कळायला काय झालं? सारात लोणी होतं. थोडंथोडकं नाही, चांगला गोळा. वरून दिसू नये म्हणून घुसळून एकजीव केलेलं, आणि दाटपणाला बदामाची पूड. घेवड्यातही लोणी मुरलेलं होतं. नासपतीत साखरेचा पाक होता.

त्याने वर पाहिलं. ताई त्याच्याकडे बघत होती. भिंतीकडे तोंड करून पडलेली ती बाई, जिच्या चेहऱ्यावर मावसभावानंतर काही हललं नव्हतं, ती गालातल्या गालात हसत होती. लहान मुलाला फसवून औषध पाजल्यावर आई हसते, तसं.

"कसं झालंय?"

"झकास," पैलवान म्हणाला.

"मला काय मेलीला चव कळत नाही. हाताच्या अंदाजाने केलं."

"अंदाज चुकला नाही तुझा." आणि त्याने ताट पुसून घेतलं. ताईने पुन्हा वाढलं. तेही त्याने खाल्लं. मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ना, ते त्याने केलं. फक्त मूग लोण्यात परतलेले होते.

मनाशी तो म्हणाला, आजच्या दिवस. तिला हसताना बघून किती दिवस झाले. उद्या सांगू काहीतरी. पण उद्या ताई दुपारीच उठून कामाला लागलेली होती, शेजारणीकडून साय मागून आणली होती आणि गुणगुणत होती. पैलवान जेवला. परवा जेवला. त्या घरात संध्याकाळ ही सणासारखी झाली, आणि सण कोणी मोडतो का?

काटा मात्र कोणाचं मन राखत नाही. तो अडला तो अडलाच. मग एकदा वरही सरकला. पैलवानाने भिंतीकडेच्या फेऱ्या वाढवल्या, दुपारचं ताट आणखी लहान केलं, मग दुपारचं जेवणच टाकलं. त्याने झालं इतकंच की संध्याकाळी पोटात कावळे ओरडायला लागले आणि ताईचं लोणी त्याला मनापासून गोड लागायला लागलं. आहारवाल्या बाई बुचकळ्यात पडल्या. "सगळं नीट पाळताय ना?"

"पाळतोय की."

"संध्याकाळी काय असतं?"

"उकडलेल्या भाज्या. सार."

हे खोटं नव्हतं, पण खरंही अजिबात नव्हतं. त्यांनी थायरॉइडची तपासणी करायला लावली, तीत काही निघालं नाही. डॉक्टर एकदा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "लवकर करा. तुमच्या बहिणीचा परवाचा इसीजी मला आवडला नाही." त्या संध्याकाळी बोलायचंच, असं ठरवून पैलवान घरी गेला. ताईने अंड्याचं काहीतरी केलं होतं आणि त्याच्या ताटाशेजारी घडी घातलेला रुमाल ठेवला होता. तो जेवला. आता ह्या माणसाला काय म्हणायचं? मूर्ख म्हणायचं. पण ज्या बाईने त्याच्यासाठी आपलं ताट रिकामं ठेवलं तिने वाढलेलं त्याने परत कसं करायचं, हेही कोणीतरी सांगावं.

असे किती महिने गेले ते पुढे त्याने मोजायचं टाळलं. शेवटी आहारवाल्या बाईच खवळल्या. "हे बघा, तुमचं शरीर काही जादू करत नाही. कुठून तरी पोटात जातंय. मला सांगत नसाल तर मी डॉक्टरांना सांगते की हे गंभीर नाहीत, ह्यांना सोडून द्या."

गंभीर नाहीत, हे शब्द पैलवानाला लागले. एवढा मोठा गडी, त्या मुलीसमोर खुर्चीत बसून रडायला लागला आणि रडत रडत त्याने लोण्याचं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आज घरी जा आणि तिला सगळं सांगा. आजच."

त्याने सांगितलं. ताई भाजी निवडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि मनात इतके दिवस जुळवलेलं वाक्य उलटंसुलटं बोलला. रक्तगट, नव्वद किलो, साखर वगैरे काही नाही. ताईचा हात थांबला.

"म्हणजे तू मला देणार होतास."

"देणार आहे."

"आणि मी रोज त्यात लोणी..."

"मला माहीत होतं."

ताईने मान वर केली. "कधीपासून?"

"पहिल्या चमच्यापासून."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू हसत होतीस."

ताईने हातातली शेंग खाली ठेवली, उठली आणि आतल्या खोलीत गेली. पैलवानाला वाटलं, पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. पण ती साठवणीतला लोण्याचा डबा, सायीचं भांडं आणि साखरेची बरणी घेऊन बाहेर आली आणि तिने ती तिन्ही शेजारणीच्या दारात नेऊन ठेवलं. परत येऊन म्हणाली, "तुझ्या अंगाला मी सुरी लावू देणार नव्हते. तू आधी सांगितलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. पण आता तू एवढं उपाशी मरून दाखवलंस, तर आता घेते. कुठलं ताट लहान म्हणाली ती मुलगी? दाखव."

त्यानंतर ताईने त्याला जे धारेवर धरलं त्याला तोड नाही. भरवणारा हात जेव्हा आवरता होतो तेव्हा तो कोणाला ऐकत नाही. घेवडा उकडायचा तर नुसताच उकडायचा, वर लिंबू. डाळ वाटीभर, दुसरी मागितली तर डोळे वटारायचे. सकाळी न्याहारी केल्याशिवाय दाराबाहेर पाऊल नाही. "चाव. गिळू नकोस. तुझ्या मागे कोण लागलंय?" संध्याकाळी ती त्याचा हात धरून खालच्या गल्लीत चालायला यायची, कोपऱ्यावरच्या छत्री दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानापर्यंत. पुढे तिला धाप लागायची, मग ती दुकानाच्या पायरीवर बसायची आणि त्याला पुढच्या फेरीला पिटाळायची. तो वळून परत आला की पायरीवरूनच म्हणायची, "हळू चाललास. मी बघत होते."

त्याचं वजन भराभर उतरलं. गळ्याचं हाड दिसायला लागलं आणि ह्या वेळी ताईला त्याचा अभिमान वाटला. ती शेजारणीला सांगायची, "ऑपरेशननंतर मी आधी पेलाभर पाणी पिणार आहे. अख्खा पेला. एका दमात." पैलवानाने हे दाराआडून ऐकलं आणि त्याला काय करू नि काय नको असं झालं. ह्या दिवसांत दोघं जेवढी हसली तेवढी आयुष्यात कधी हसली नसतील. पायरीवर बसायची तिची वेळ मात्र वाढत चालली होती. आधी ती दुकानापर्यंत पोहोचून बसायची. मग अलीकडच्या दिव्याच्या खांबापाशीच थांबायला लागली. पैलवानाने ते पाहिलं नाही असं नाही. त्याने ते मनावर घेतलं नाही, कारण मन काट्यावर होतं.

एकोणनव्वद. नर्सने दोनदा बघितलं आणि म्हणाली, "वा, काय छान वजन उतरवलंत. तरुण दिसताय." बाहेर बसलेल्या एका जाड बाईने त्याला विचारलं, तुम्ही काय केलंत हो. पैलवान हसत हसत डॉक्टरांच्या खोलीत गेला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांच्या टेबलावर ताईच्या तपासण्या होत्या.

"बसा," ते म्हणाले. "तुमच्या बहिणीचं हृदय आता भूल झेलणार नाही. टेबलावरच जाईल ती. मी हे करू शकत नाही, आणि दुसरं कोणी करतो म्हणालं तर करू देऊ नका."

"औषधाने सुधारेल ना? मी थांबतो. मी वजन वाढू देणार नाही."

"नाही सुधारणार."

"आधी आलो असतो तर?"

डॉक्टर कागदाकडे बघत होते. ते वाईट माणूस नव्हते, पण विचारलेल्याला उत्तर द्यायची त्यांना सवय होती. "मधले महिने तुमचं वजन अडकून होतं तेव्हा? तेव्हा केलं असतं मी."

बैल गेला आणि झोपा केला, अशी एक म्हण आहे. म्हणणाऱ्याला ती गमतीची वाटते. पैलवान फाटकाबाहेर येऊन उभा राहिला आणि त्याला घराचा रस्ता आठवेना. मग पाय आपोआप चालायला लागले. त्यांना आता ती सवय लागली होती.

ताई खुर्चीत बसून होती. लहान ताट मांडलेलं, वर दुसरं पालथं झाकलेलं. तिने त्याचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "किती?"

"एकोणनव्वद."

"मग?"

"आत्ता थोडं थांबा म्हणाले. तुझी ताकद भरून आली की..."

"माझ्याशी खोटं नको," ताई म्हणाली. "हृदय ना?"

पैलवानाने मान हलवली.

"आता नाहीच?"

त्याने पुन्हा मान हलवली. ताई खिडकीकडे बघत राहिली. खाली कोणीतरी सायकलमध्ये हवा भरत होतं, त्याचा आवाज येत होता. पैलवानाला वाटलं ती रडेल, मग आपण रडू. पण तिच्या मनात दुसरंच चाललेलं होतं आणि ते त्याला ती बोलण्याच्या क्षणभर आधी कळलं.

"एक विचारते, खरं सांग. मी तुला लोणी घालत होते, ते दिवस वाया गेले नसते तर? तेव्हा जमलं असतं?"

"नाही," पैलवान म्हणाला. "मी विचारलं डॉक्टरांना. तेव्हाही नसतं जमलं. हृदय आधीपासूनच तसं होतं. आपलं काही चुकलं नाही."

हे त्याने तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. ताईने त्याला खूप वेळ न्याहाळलं. पाच वर्षांचा असल्यापासून ह्याचं एकही खोटं तिच्यापुढे टिकलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

तिने ताटावरचं ताट काढलं. घेवडा, लिंबाची फोड, वाटीभर डाळ. "जेव. आणि हे सोडू नकोस आता. चालणं, न्याहारी, लहान ताट, सगळं चालू ठेव."

"कशाला आता?"

"आपल्या दोघांतलं एक तरी नीट राहू दे."

पैलवानाने घास घेतला आणि तो चावत राहिला. त्याला हे शरीर स्वतःसाठी कधीच नको होतं. त्यातला एक तुकडा काढून द्यायचा म्हणून त्याने ते घासूनपुसून तयार केलं होतं. साखर उत्तम, रक्तदाब उत्तम, दम लागत नाही. सगळे म्हणत होते, तू आता पुष्कळ वर्षं जगशील.